एकेचाळीस डावे बूट

सप्टेंबरच्या पहिल्या तासाला
मिसेस ह्रिनचुक पुस्तक उघडत नाहीत.
अकरा नंबरच्या खोलीत टेबलावर एक खोकं उपडं करतात
आणि बूट घरंगळतात, सगळे डाव्या पायाचे.
काही तपकिरी, काही बर्फातले, आत लोकर लावलेले,
एक लहान मुलीचा, लाल, बक्कल गंजलेलं.
"विका," एवढंच म्हणतात,
आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहतात.

खिडकीबाहेर मॅनिटोबा.
कापून झालेला कॅनोला, धान्याचा मनोरा, रूळ,
आणि तो रस्ता, जिथे त्यांच्या वडिलांचं चपलाबुटांचं दुकान होतं.
आता तिथे काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे, पार्किंग.

हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गाव लहान आहे,
गावच सांगतं:
चौदाव्या वर्षी ती गल्ल्यावर बसली,
विनिपेगहून पदवी घेऊन परत आली, कर्ज काढून नवी पाटी लावली,
आणि महामार्गावर मोठं दुकान उघडलं त्या वर्षीसुद्धा
तिनं कुणाची उधारी बंद केली नाही.
आतबट्ट्याचा व्यवहार, गाव म्हणतं,
त्यातल्या निम्म्यांकडे अजून बाकी आहे.
मग वसंतात नदी फुगली, तळघरात पाणी शिरलं.
उजवे सगळे खाली होते.
डावे तेवढे वर, काचेमागे, नमुन्याचे.

"काल रात्री तुमचं घर कोणाच्या पैशानं गरम राहिलं?"
हा त्यांचा दुसरा धडा.
"मोठ्यानं सांगू नका. वहीत लिहा.
ती वही मी बघणार नाही."
आणि खरंच कधी बघितली नाही.
परीक्षेत मी लिहिलं होतं, जमा आणि नावे म्हणजे
एकाच माणसाचे दोन पाय.
लाल शाईत शेरा आला: म्हण नको. आकडा दे.

बूट कुणाला विकता आले नाहीत.
कुणी म्हणालं कुंडी करा, कुणी म्हणालं भिंतीला लटकवा,
कॉल्टननं तर एका बुटाला डोळे काढले.
तिसऱ्या आठवड्यात डेरियन फ्लेट उठला,
जो वर्षात चारदा बोलायचा.
"माझ्या मोशूमच्या भावाचा उजवा पाय
साखरेनं गेला. त्याला दहा नंबर लागतो."

वर्ग गप्प. हीटर तेवढा खडखडत होता.

"किंमत?" मिसेस ह्रिनचुकनी विचारलं.
"पट्टीवर चौसष्ट आहे. म्हणजे बत्तीस."
"फुकट का नाही?" मागून कॉल्टन.
डेरियननं त्याच्याकडे पाहिलंही नाही.
"फुकट दिला तर तो घालणार नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. शाबासही नाही.
कपाटातून एक जाड खतावणी काढली,
कडा पाण्यानं फुगलेल्या,
शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची.
तिच्याखाली तारीख घातली.
डावा, तपकिरी, दहा नंबर. बत्तीस डॉलर. रोख.
मग पेन खरेदीच्या रकान्यावर येऊन थांबलं.
"मॅडम, तुम्हाला तो केवढ्याला पडला?"
"ते मी अजून काढतेय," त्या म्हणाल्या
आणि रकाना रिकामा सोडून वही मिटली.

आता मी ब्रँडनमध्ये लोकांचे कर भरते.
पावत्यांची पिशवी घेऊन कुणी आलं,
नजर खाली घालून, की मीही म्हणते,
मोठ्यानं सांगू नका, लिहून द्या.

शाळा सुटायच्या दिवशी मी तो लाल बूट मागितला होता.
"कशाला? तुला मुलगी नाही."
म्हटलं, आठवण म्हणून.
"अरेरे. मग किंमत वाढली,"
त्या म्हणाल्या, आणि झाकण लावलं.
आत चाळीस होते.